भांडणाच्या घरचा जोगवा

आई, तुझी परडी आता माझ्याकडं नाही. हरवली नाही, उंदरांनी कुरतडली नाही, कुणी चोरून नेली नाही. तुझ्या नातीनं ती देऊन टाकली, मला न विचारता. ओरडण्याआधी सगळं ऐकून घे, म्हणजे कुणावर ओरडायचं ते तुला नीट ठरवता येईल. मी मंगळवारी पोटभर ओरडून घेतलंय, त्यामुळं आता शांतपणे सांगू शकते. पाय प्लास्टरमध्ये आहे, शाळेच्या पायऱ्यांवरून पडले. तेव्हा बसून लिहिण्याखेरीज दुसरा उद्योगही नाही.

नात म्हणजे माझी मुलगी. तू गेल्यावर वर्षाच्या आतच झाली, म्हणून तू तिला पाहिलं नाहीस. तुला जाऊन आता अठरा वर्षं झाली आणि ती बारावीला आहे. नाक तुझं, उंची तिच्या वडिलांची, आणि जीभ कुणाची ते सांगायला नको. दहावीत असताना एकदा जेवता जेवता म्हणाली, "आई, माझा देवावर विश्वास नाही." मी म्हटलं, "बरं. आमटी घेणार आहेस का?" तिला वाटलं होतं मी रडेन किंवा रागवेन. तिचे वडील माझ्याकडं बघत राहिले. मी घास गिळला, पण तो बराच वेळ उतरला नाही, हे त्या दोघांना कळलं नाही.

कारण मी तिला काहीच शिकवलं नव्हतं. ठरवूनच शिकवलं नव्हतं. तिच्या जन्माआधीच आमचं दोघांचं ठरलं होतं की मोठी झाली की ती स्वतः ठरवेल. मी शाळेत विज्ञान शिकवते. पोरांना सांगते, विचारल्याशिवाय काही मानू नका. मग घरी येऊन स्वतःच्या पोरीला "हात जोड" कसं म्हणू? आणि माझी स्वतःची श्रद्धा तरी कुठं सरळ आहे? परडी हातात असली की मी मानते, खाली ठेवली की शंका घेते. अशी अर्धी भाकरी लेकराच्या ताटात वाढू नये, असं वाटायचं. तू मात्र मला कधी विचारलं नव्हतंस. तू सरळ माझ्या हातात परडी दिली होतीस.

मला तो दिवस नीट आठवतो. आपण तामलवाडीच्या पलीकडं त्या गावात राहत होतो, जिथं तू उपकेंद्रावर नर्स होतीस. पुढच्या खोलीत सुया, गोळ्या, वजनकाटा, मागं आपला संसार. अर्ध्या गावाची लेकरं तुझ्या हातावर जन्मलेली. पांढरी साडी, मनगटावर मोठं घड्याळ, आणि आवाज असा की पाणवठ्यावरच्या बायका भांडायच्या थांबायच्या. नवरात्रात मंगळवारी आणि शुक्रवारी मात्र ही नर्सबाई अनवाणी निघायची. हातात ती वेताची उथळ परडी, आत कवड्यांची माळ आणि कुंकवाची डबी. पाच घरी जायचं, "आई राजा उदो उदो" म्हणायचं, जोगवा मागायचा, वाढणारीला कुंकू लावायचं आणि त्या पाच घरच्या पिठाची भाकरी करून देवीला दाखवायची. एवढं तर आपल्या भागात घरोघरी करतात. पण पाच घरं कुठली, हा नियम तुझा एकटीचा होता. बाकीच्या बायका मैत्रिणींकडं जात. तू ज्यांच्याशी वर्षभरात वाकडं आलं, त्यांच्या दारात जायचीस.

आणि तुझं वाकडं यायचंच. कुणी बाळंतिणीला उशिरा आणलं म्हणून तू बोललेली असायचीस, कुणी चौदा वर्षांच्या पोरीचं लग्न काढलं म्हणून. पाच घरं शोधायला तुला कधी लांब जावं लागलं नाही. "ज्याच्याशी बोलत न्हाय त्याच्याकडं पीठ मागून बघ," तू म्हणायचीस, "मग कळंल देवी कुठं बसती ते."

त्या वर्षी मी अकरा वर्षांची आहे. शुक्रवार. सकाळीच तुला वस्तीवरून बोलावणं आलंय, एक बाई अडलीय. तू पिशवी उचलतेस आणि जाता जाता परडी माझ्या हातात देतेस. पाच घरं मोजून सांगतेस. त्यातलं पहिलं घर त्या बाईचं, जिनं तालुक्याच्या डॉक्टरांकडं तुझी तक्रार केली होती. तू तिच्या लेकराला डोस दिला, त्याला ताप आला, आणि तिनं अर्ज लिहवून घेतला होता. तिची मोठी पोरगी माझ्या वर्गात होती. मी त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाते. ती पोरगी ओट्यावर बसून वेणी घालून घेतेय. मी परडी फ्रॉकच्या मागं धरते आणि परत फिरते. घरी येऊन आपल्याच ज्वारीच्या डब्यातून पाच मुठी काढून परडीत घालते, आणि वर कुंकू सांडते, म्हणजे खरं वाटावं.

तू दुपारी आलीस. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, म्हणून तू खुशीत होतीस. हात धुतलेस, पीठ परातीत घेतलंस, पाणी घातलंस, मळलंस. पहिली भाकरी थापताना तुझा हात थांबला. माझ्याकडं न बघता तू म्हणालीस, "पाच घरचं पीठ एका रंगाचं कसं गं? एका घरी ज्वारी असती, एका घरी बाजरी, कुणी गहू घालतंय. पाच घरची भाकरी कधी सरळ थापत न्हाय, कडंला चिरतीच. ही बघ, चंद्रावानी गोल आली." मला वाटलं आता पाठीत बसणार. तू मारलं नाहीस. म्हणालीस, "देवीला फसवलंस त्याचं मला काय न्हाय, ती तिचं बघून घील. त्या बायांना फसवलंस तू. त्यांच्या मनात द्यायचं आसंल तर?" आयुष्यात मला पुष्कळजण बोलले, मीही पुष्कळांना बोलले. पण इतकं लागलेलं दुसरं वाक्य मला आठवत नाही.

संध्याकाळी तू मला हाताला धरून त्या बाईच्या दारात नेलंस. तुझ्या साडीवर अजून सकाळचा डाग होता. तू उदो म्हणालीस, परडी पुढं धरलीस. ती बाई चौकटीत उभी राहिली, आत जाईना की बाहेर येईना. मग म्हणाली, "तक्रार मागं घेत न्हाय म्या, बाई. सांगून ठिवते."

"घिऊ नका," तू म्हणालीस. "पीठ तेवढं वाढा."

ती आत गेली आणि सूपभर बाजरीचं पीठ घेऊन आली. तू तिला कुंकू लावलंस, तिनं तुला लावलं. मी तिच्या पोरीकडं बघितलं, ती माझ्याकडं बघत होती, आणि दोघींनाही काय करावं कळत नव्हतं. पुढच्या बुधवारी ती बाई लेकराला डोस द्यायला घेऊन आली का? नाही आली. दोन महिने लावले तिनं. पण आली. तुझ्या जागी दुसरी कुणी असती तर बदली करून घेतली असती, किंवा तिच्याशी जन्मभर अबोला धरला असता. त्या संध्याकाळी परत येताना मी तुझ्याकडं वर बघून चालत होते. माझी आई कोण आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि तो माज आजही उतरलेला नाही.

आता तुझ्या चुकीबद्दल बोलते. तूही चुकलीस, आई. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू वहिनीच्या समोर म्हणालीस, "परडी हिच्याकडं जाऊ द्या," आणि माझ्याकडं बोट केलंस. परडी सुनेला जाते. दादाच्या लग्नात तूच वहिनीला ती दाखवून म्हणाली होतीस की ही पुढं तुझी. तुझ्या आजारात सात महिने तिनं तुझं सगळं काढलं, रात्री उठून पाठ फिरवली. मी शाळेला सुट्टी लागली की यायचे आणि डॉक्टरांशी भांडून जायचे. आणि मिळाली मला. वहिनी उठून पाण्याचा तांब्या भरायला गेली. तेराव्यानंतर तिनं माझ्या घरी पाऊल टाकलं नाही. दादा भाऊबीजेला एकटा येतो, जेवतो, "तिला बरं नाही" म्हणतो आणि जातो. आम्ही एकाच धाराशिवात राहतो, रिक्षानं वीस मिनिटं लागतात, आणि तिला अठरा वर्षं बरं नाही.

तू असं का केलंस ते कधी सांगितलं नाहीस. मी माझ्यापुरतं एक उत्तर काढलं होतं. वहिनीचं कुणाशी भांडण होत नाही. ती परडी घेऊन जाणार कुणाकडं? माझ्यासारख्या भांडखोर बाईलाच त्या परडीची गरज, असं तुला वाटलं असणार. हे उत्तर मला फार आवडायचं, कारण त्यात माझ्या भांडखोरपणाचाही मान राहत होता.

आणि मी नियम पाळला, हे मात्र छाती पुढं काढून सांगते. मुख्याध्यापकबाईंशी वेळापत्रकावरून वाजलं, त्यांच्या दारात गेले. वरच्या मजल्यावरच्या काकूंशी पाण्याच्या टाकीवरून वाजलं, त्यांच्याकडं गेले. त्या आधी हसल्या, मग गव्हाचं पीठ आणि वर गुळाचा खडा दिला. लोक म्हणतात, बाई विज्ञान शिकवते आणि जोगवा मागते. म्हणू देत. अठरा वर्षांत एकदाही नवरात्र चुकलं नाही, एकदाही भाकरी गोल आली नाही. पण सगळ्यात मोठ्या भांडणाच्या घरी मी कधी गेले नाही. जिची परडी आपण घेतली तिच्याच दारात ती घेऊन कसं जायचं, असं मी स्वतःला समजावत आले. कारण बरं वाटायला चांगलं होतं.

यंदा पाय मोडला. नवरात्र बसलं तेव्हा मी पलंगावर. मी ह्यांना म्हटलं, आता माझ्यानंतर कुणी नाही, पोरीचा विश्वास नाही, तिच्यावर लादायचं नाही असं आपलंच ठरलंय. पौर्णिमा झाली की तुळजापूरला जा आणि परडी देवीला वाहून या. मुलगी तिथंच गणितं सोडवत बसली होती. तिनं वही बाजूला ठेवली आणि विचारलं, "जोगवा मागायला कुणाकुणाकडं जायचं असतं?"

तिला हे माहीत नव्हतं, आई. मी तिला इतकं कमी शिकवलं होतं की माझी आई कुणाच्या दारात जायची हेही सांगितलं नव्हतं. त्या दुपारी पहिल्यांदा सांगितलं. उपकेंद्र, तक्रारवाली बाई, गोल भाकरी, सगळं. ती मधे मधे हसली. बाजरीच्या सुपापाशी हसायची थांबली. मग म्हणाली, "या वर्षीची यादी सांग." मी चार घरं सांगितली. "पाचवं?" मी इकडंतिकडं केलं. ती म्हणाली, "मामी का नाही? तुझं सगळ्यात मोठं भांडण तर तिच्याशीच आहे." मी म्हटलं, तुला त्यातलं काही कळत नाही. ती म्हणाली, "बरं," आणि वही उघडली. "बरं" म्हणून विषय संपवायची ही सवय तिला कुणाकडून लागली ते मला माहीत आहे.

मंगळवारी दुपारी तिनं परडी देवघरातून काढली, ओढणीत बांधली आणि स्कूटीला पुढं अडकवली. म्हणाली, "मी देवीसाठी जात नाहीये. मला उदो म्हणायला लावू नकोस." मी म्हटलं, "मी आजवर कशाला लावलंय तुला?" मी सांगितलेल्या चार घरी जाईल असं मला वाटलं. मला बरं वाटत होतं. लादलं नाही तरी आपोआप आलं, असा एक गोड विचारही मनात येऊन गेला.

दिवेलागणीला आली तेव्हा तिच्या हातात परडी नव्हती. स्टीलचा एक डबा होता. डबा मी ओळखला, त्यावर दादाचं नाव कोरलेलं.

"मामीकडं दिली," ती म्हणाली. "तिची होती ना?"

मग मी जे काही बोलले ते लिहीत नाही. वरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली एवढं सांगते. शेवटी मी म्हटलं, "कुणाला विचारून दिलीस?" ती माझ्यासमोर उभी होती, रडत नव्हती, पण ओठ घट्ट होते. म्हणाली, "तूच म्हणायचीस, मोठी झालीस की तू ठरव. ठरवलं." मग म्हणाली, "मी ठेवून घेतली असती तर तुझ्यासाठी दरवर्षी नाटक केलं असतं. परडीत खोटं पीठ नको, असंच आजी म्हणाली होती ना?" तू तसं म्हणाली नव्हतीस. पण म्हणाली असतीस. मी तिला दुरुस्त केलं नाही.

तिकडं काय झालं ते तिनं नंतर सांगितलं, ह्यांनी चहा करून दिल्यावर. वहिनीनं दार उघडलं, परडी बघितली, आणि अठरा वर्षांनंतरचं तिचं पहिलं वाक्य होतं, "अगं, चपला काढ आधी. परडी धरून चपला घालतात का?" मग तिनं परडी पाटावर ठेवली, कवड्यांची माळ सरळ केली, कुंकू लावलं. परडीच्या कडेचा एक वेत किती वर्षांपासून सुटलाय, मी दरवर्षी त्याला दोरा गुंडाळते. वहिनीनं दोरा सोडला, वेत पाण्यानं ओला केला आणि मूळच्या वळणात बसवला. पोरगी म्हणाली, "तिला सगळं येत होतं, आई. तिला काही आठवावंसुद्धा लागलं नाही." तेव्हाच तिनं वहिनीला म्हटलं, मामी, तुम्हीच ठेवा. वहिनी तीनदा नको म्हणाली. "वन्सं काय म्हणतील?" तुझी नात म्हणाली, "ओरडेल. मग गप्प बसेल." वहिनी हसली म्हणे. मी गप्प बसले होतेच.

त्या रात्री मी पडल्या पडल्या विचार करत होते की शिकवलं तर काय होतं आणि न शिकवलं तर काय होतं. तू मला न विचारता दिलंस, आणि मी डब्यातलं पीठ घालून फसवलं. मी पोरीला काहीच दिलं नाही, आणि ती जिथं जायला मी अठरा वर्षं घाबरले तिथं एकटी जाऊन आली, खरं बोलली, आणि मोकळ्या हातानं परत आली. तिला देवी नको आहे. तिला नियम मात्र एका दुपारीत कळला, मला कळला होता त्यापेक्षा नीट. आई, मला तिचा इतका अभिमान वाटतो की तो कुठं ठेवावा हे कळत नाही. शाळेत पहिली आलेल्या पोरांच्या आया बघते मी, पेढे वाटत फिरतात. मी कुणाला काय सांगू, की माझ्या पोरीनं घरची परडी देऊन टाकली? तुला सांगते. तूच समजशील. आणि तुझी चूक तुझ्या नातीनं सुधारली, तेव्हा तूही जरा ताठ बस.

काल शुक्रवार होता. सकाळी दहाच्या सुमारास बेल वाजली. मी कुबडी घेऊन दारापर्यंत गेले. वहिनी उभी होती. अनवाणी. केस बरेच पांढरे झालेत, मला माहीतच नव्हतं. हातात परडी. तिनं उदो म्हटलं, माझ्यासारखं घाईनं नाही, तुझ्यासारखं सावकाश. तुझा नियम तिलाही माहीत होता, आणि नियमानं तिचं पहिलं घर माझंच. बाकीची चार कुठली, देव जाणे, तिचं कुणाशी भांडण असल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी म्हटलं, "या ना, आत या." ती म्हणाली, "आधी वाढा, वन्सं." जन्मात पहिल्यांदा मी देणाऱ्या बाजूला उभी होते, आणि मागणं किती सोपं असतं ते मला कळलं. मुलगी आतून पिठाचा डबा घेऊन आली आणि माझ्या शेजारी धरून उभी राहिली.

हे पत्र तुला पोचत नाही, ते एका परीनं बरंच आहे. नाहीतर तू पहिल्यांदा हेच विचारलं असतंस की मूठ केवढी भरलीस. लहान भरली, आई. इतकं सगळं झाल्यावरही बोटं मिटलेलीच राहिली, चमचाभरच पीठ पडलं. वहिनीनं परडी मागं घेतली नाही, ती तशीच पुढं धरून उभी राहिली. मग मी कुबडी पोरीच्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी वाढलं.